केसभर म्हणजे फार झालं

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीतला रस्ता खणला गेला आणि कुदळीच्या एका घावात अख्ख्या इमारतीचं इंटरनेट गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंचविशीतला एक मुलगा पाठीवर सॅक घेऊन आला. त्याने जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं, सॅकमधून जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र काढून त्यावर ठेवलं आणि तुटलेल्या केबलचं टोक सोलायला घेतलं. आधी बाहेरचं जाड आवरण, मग आतली नळी, मग एक निळा दोरा. त्या दोऱ्यावरचं प्लॅस्टिक स्ट्रिपरने ओढून काढल्यावर त्याच्या बोटांत जवळजवळ काहीच उरलं नाही. उन्हाच्या तिरिपेत मधूनच काहीतरी लकाकत होतं, तेवढ्यावरून कळायचं की तिथे काच आहे.

स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदाने त्याने ती काच पुसली. पुसताना नुकत्याच घासलेल्या ताटासारखा चुईं असा बारीक आवाज आला. मग एका छोट्या कटरमध्ये ठेवून खट्कन टोक तोडलं. तुटलेला तुकडा त्याने चिकटपट्टीवर टिपून घेतला. म्हणाला, “काका, हा पायात गेला तर दिसणार पण नाही.”

दोन्ही टोकं यंत्रात गेली, झाकण बंद झालं आणि पडद्यावर दोन जाडजूड राखाडी खांब समोरासमोर उभे राहिले. ते आपोआप पुढे सरकले, थबकले, एक जरा वर झाला, दुसरा जरा खाली. निळसर ठिणगी चमकली. दोन खांबांचा एक खांब झाला आणि खाली आकडा उमटला : ०.०२ डीबी. पुसण्यापासून आकड्यापर्यंत जेमतेम दोन मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांत माझ्यासमोर नक्की काय झालं, हे समजून घ्यायला मला पुढचे कित्येक दिवस लागले.

आपल्या भाषेत अचूकपणाची मापं ठरलेली आहेत. निर्धाराचा माणूस तसूभरही हलत नाही. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, साधारण एक इंच. त्याहून काटेकोर म्हणजे तीळभर, आणि सगळ्यात शेवटी केसभर. केसापलीकडे मराठी जात नाही, कारण केसापलीकडे डोळाच जात नाही. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या मुलाच्या बोटांतली काच १२५ मायक्रॉनची होती, म्हणजे जाडसर केसाएवढी. पण प्रकाश त्या सगळ्या काचेतून जात नाही. मधोमध जेमतेम ८–९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि प्रकाश तिथूनच धावतो. बाहेरची काच किंचित वेगळ्या घडणीची असते, ती त्याला आत कोंडून धरते. दोन तंतू जोडायचे म्हणजे हे दोन गाभे समोरासमोर आणायचे.

ते किती नेमके समोर यायला हवेत? दूरसंचारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचा ठिपका तंतूच्या टोकाशी १० मायक्रॉनच्या आसपास असतो. एक गाभा दुसऱ्यापासून एक मायक्रॉन सरकला तर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. पाच मायक्रॉन सरकला तर ६० टक्के. दहा मायक्रॉन सरकला की पलीकडे पोचतो तो अडीच टक्के. केसभर सरकला, तर काहीच नाही.

आता ही चूक महाग का पडते ते पाहू. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकम यांनी मांडलं की, काचेच्या तंतूतून संदेश दूरवर पाठवता येतील, फक्त काच पुरेशी शुद्ध हवी. त्या काळच्या चांगल्या काचेतही वीसेक मीटरमध्ये ९९ टक्के प्रकाश गडप व्हायचा. काव यांचं म्हणणं असं की, एक किलोमीटर गेल्यावर एक टक्का उरला तरी काम भागेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती सीमा ओलांडली. आजच्या तंतूत तोच एक टक्का उरायला १०० किलोमीटर जावं लागतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून ज्या केबली येतात, त्यांच्यातला प्रकाश म्हणूनच ६० ते १०० किलोमीटर बिनदिक्कत धावतो आणि मगच त्याला वाटेत नवं बळ द्यावं लागतं. काव यांना २००९ चं नोबेल मिळालं.

काच अशी निर्मळ झाली आणि मग सगळा खर्च सांध्यांवर येऊन पडला. हिशेब करून बघा. पाच मायक्रॉनची चूक म्हणजे सुमारे चार डीबीचा तोटा (डीबी म्हणजे डेसिबल, प्रकाशाची घट मोजायचं माप), आणि तेवढा तोटा व्हायला अखंड काचेत प्रकाशाला २० किलोमीटर धावावं लागतं. केसाच्या चौदाव्या भागाएवढी चूक आणि २० किलोमीटर मातीत! माणसाचा स्थिरातला स्थिर हातही दहा-वीस मायक्रॉन थरथरतोच. मग ही टोकं जागेवर नेऊन कोण ठेवतं?

हा प्रश्न मनात धरून या विषयातले शोध वाचत गेलो, तेव्हा एक गंमत लक्षात आली. हुशार शोधांपैकी बहुतेकांनी जुळवायचा हट्टच सोडून दिला आहे. जी गोष्ट निसर्गतःच अचूक आहे तिच्या खांद्यावर हे काम टाकायचं आणि आपण बाजूला व्हायचं, अशी त्यांची रीत.

पहिला खांदा स्फटिकाचा. संगणकाच्या चिप ज्या सिलिकॉनच्या चकत्यांवर बनतात, त्या चकतीत अणू कवायतीच्या मैदानावरच्या मुलांसारखे रांगांमध्ये उभे असतात. ही चकती ऊन ऊन कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवली, तर द्रावण तिला खातं. पण सगळीकडून सारखं खात नाही. काही दिशांना ते झरझर आत शिरतं, आणि अणूंची जी पृष्ठं सगळ्यात घट्ट विणलेली असतात तिथे पोचलं की जवळजवळ थांबतं. तिथला वेग शेकडो पटींनी कमी होतो. आता चकतीवर एक संरक्षक थर द्या, त्यात फक्त एक अरुंद फट उघडी ठेवा आणि चकती द्रावणात सोडा. काही तासांनी त्या फटीखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर तयार होते. तिच्या दोन्ही उतारांचा कोन ५४.७४ अंश. आज, उद्या, पुण्यात, तोक्योत, दर वेळी ५४.७४ अंशच, कारण तो कोन कुणा कारागिराने धरलेला नाही, तो स्फटिकाच्या रचनेतच आहे.

याहून सुंदर गोष्ट म्हणजे दोन्ही उतार तळाशी एकमेकांना भेटले की चर खोल जायची थांबते. किती खोल खणायचं हे सांगायला कुणाला उभं राहावं लागत नाही, रुंदी ठरली की खोली ठरली. फट १५३ मायक्रॉन रुंद ठेवली तर चर १०८ मायक्रॉन खोल होते आणि १२५ मायक्रॉनचा तंतू तिच्यात ठेवला की तो दोन्ही उतारांना टेकून असा बसतो की त्याचा मध्यबिंदू, म्हणजे गाभा, बरोबर चकतीच्या पृष्ठाच्या पातळीत येतो. अभियंत्याने फक्त रुंदीची रेघ मारायची. फोटोच्या तंत्राने ती रेघ मायक्रॉनच्याही आत अचूक मारता येते. बाकीचं स्फटिक बघून घेतो. अशा चरी शेजारी शेजारी आखल्या की आठ-बारा तंतू ओळीत बसतात, उभ्या दाताच्या फणीत केस बसावेत तसे.

अर्थात तंतू बाहेरून बसला म्हणून आतला गाभा जागेवर येईलच असं नाही. त्यासाठी तंतूच सुबक हवा. चांगल्या तंतूची जाडी १२५ मायक्रॉनपासून एका मायक्रॉनच्या आतच कमीजास्त होते आणि गाभा मध्यापासून अर्ध्या मायक्रॉनपेक्षा ढळत नाही. हे साधतं कसं? आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला तंतू ओढले जातात. काचेचा जाड दांडा उंच मनोऱ्याच्या माथ्यावरच्या भट्टीत वितळवतात आणि खाली ओढत नेतात. दांड्यात गाभा आणि बाहेरची काच यांचं जे प्रमाण, तेच तंतूतही राहतं. फक्त सगळं शेकडो पटींनी बारीक होतं. साखरेच्या पाकाची तार ओढावी तसं हे काम, पण वाटेत जाडी सतत मोजली जाते आणि तंतू जाड झाला की ओढण्याचा वेग वाढतो, बारीक झाला की कमी होतो.

दुसरा खांदा प्रकाशाचाच. तंतूच्या एका टोकाला लेझर लागतो. तो अर्धवाहकाचा, बहुधा इंडियम फॉस्फाइडचा, मोहरीच्या दाण्याहूनही लहान तुकडा. त्याची प्रकाश बाहेर पडायची जागा एक-दोन मायक्रॉन रुंद आणि त्याहून कमी उंच असते, आणि बाहेर पडताच प्रकाश फाकतो. मध्ये भिंग घालून तो गोळा करून तंतूच्या गाभ्यात सोडायचा. इथली सूट बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्याही आतली. केवळ टेकवून हे भागत नाही.

मग लेझर चालूच करतात. तंतूच्या दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा मीटर लावतात आणि तंतू इकडेतिकडे हलवत आकडा कुठे वाढतो ते बघतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून टोक चकलीसारखं गोल गोल फिरवत पहिला मिणमिणता उजेड शोधायचा. तो सापडला की पाऊल टाका. आकडा वाढला तर पुढे, घटला तर मागे. धुक्यात डोंगर चढणारा माणूस पायाखालच्या चढावरून शिखर गाठतो, तसं. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे आणि शिवाय तीन तऱ्हेचे कल, अशा सहा प्रकारे तो हलवता येतो.

मिरजेचा तंबोरा ज्यांनी जुळवला असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. खुंटी पिळून तार स्वराच्या जवळ आणायची आणि मग घोडीखालचा मणी किंचित सरकवून ती नेमकी स्वरात बसवायची. खुंटीने ते बारीक काम होत नाही आणि मण्याने ते मोठं काम होत नाही. इथेही खुंटी आहे : स्क्रू फिरवणाऱ्या मोटरी. आणि मणीही आहे : वीज दिली की काही नॅनोमीटर ताणली जाणारी पिझो-स्फटिकाची वडी. दाब दिल्यावर स्फटिकात वीज उपजते हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. इथे त्याचीच उलट बाजू कामी येते. आणि तंबोरा जसा सुराकडे कान देऊनच जुळतो, तसा लेझर प्रकाशाकडे बघूनच जुळतो. जे वाहून न्यायचं आहे, तेच वाट दाखवतं.

शिखर सापडलं तरी खरी परीक्षा पुढेच असते, कारण ते पकडून ठेवायचं आहे. गोंद लावून अतिनील प्रकाशाने तो कडक केला, तर कडक होताना गोंद आकसतो आणि तंतूला ओढतो. धातूचा बारीक ठिपका वितळवून झाळला, तर तो ठिपका थंड होताना ओढतो. दोन्हीत मायक्रॉन-दोन मायक्रॉन सहज जातात. मघाशी एवढ्या मेहनतीने मिळवलेलं, शेवटच्या क्षणी डोळ्यांदेखत निसटतं. म्हणून अभियंते गोंद दोन्ही बाजूंना अगदी सारखा लावतात, म्हणजे ओढाओढ बरोबरीत सुटते. झाळलेलं सरकलं तर विरुद्ध बाजूला मुद्दाम आणखी एक ठिपका झाळतात, म्हणजे तो आकसताना सगळं परत जागेवर ओढतो. चूक दुरुस्त करायला दुसरी, मोजून-मापून केलेली चूक! या धंद्यातली जुनी तक्रार अशी की, चिप बनवण्यापेक्षा ती जुळवून डबीत बंद करणंच महाग जातं.

त्या महागाईवर तिसरा खांदा उपाय शोधतो, तो वितळलेल्या थेंबाचा. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल होतो, कारण पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आकसू बघतो. वितळलेल्या धातूचंही तसंच. चिपच्या पोटाखाली आणि तिच्या बैठकीवर धातूचे समान ठिपके ठेवतात आणि मध्ये डागाचे, म्हणजे सोल्डरचे, थेंब. चिप ठेवताना दहा-वीस मायक्रॉन इकडेतिकडे झाली तरी चालते. डाग वितळला की प्रत्येक थेंब आकसायला बघतो, तिरका ताणलेला थेंब सरळ व्हायला बघतो, आणि सगळे मिळून चिपला ओढत ओढत तिच्या जागी नेतात, मायक्रॉनच्या घरातल्या अचूकपणाने. मग थंड होऊन तिथेच गोठतात. बघणाऱ्याला वाटतं, चिप स्वतःहून कूस बदलून नीट झोपली.

आता जिन्यातल्या त्या ठिणगीकडे परत बघा. त्या यंत्राच्या पोटात तंतू बसवायला व्ही-चरी होत्या. कॅमेरे तंतूच्या आरपार प्रकाश टाकून कुठे काय आहे ते बघत होते आणि मोटरी तंतू हलवत होत्या. आणि ठिणगीने काच वितळली तेव्हा वितळलेल्या काचेने स्वतःच्या पृष्ठताणाने दोन्ही टोकं एका रेषेत ओढली. टेकण, प्रकाश, थेंब, तिन्ही खांदे त्या डब्यात हजर होते. ०.०२ डीबी म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश गेला.

इथवरची सगळी जुळवणी एकदाच करून गोठवलेली. पण जुळवलेली गोष्ट पुन्हा हवी तेव्हा हलवायची असेल तर? एका तंतूतला प्रकाश आज या तंतूत, उद्या त्या तंतूत वळवायचा असेल तर? याचं उत्तर सिलिकॉनच्याच दुसऱ्या गुणात सापडलं. १९८२ साली कर्ट पीटरसन यांनी एका गाजलेल्या लेखात दाखवलं की, सिलिकॉन हे केवळ वीज खेळवायचं नव्हे, तर यंत्रं घडवायचंही द्रव्य आहे. ते पोलादासारखं मजबूत आहे आणि एकसंध स्फटिक असल्यामुळे वाकवल्यावर पुन्हा पहिल्या जागी येतं. मग चिप कोरतात त्याच तंत्राने लोक स्प्रिंगा, बिजागऱ्या आणि आरसे कोरू लागले.

हे आरसे हलवायला मोटर नसते, विजेचं आकर्षण असतं. लहानपणी केसांत घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलले असतील, तीच ही ओढ. आपल्या आकाराच्या जगात ती क्षुल्लक, कंगवा खुर्ची उचलत नाही. पण वस्तू दहापट लहान झाली की तिचं क्षेत्रफळ शंभरपट घटतं आणि वजन हजारपट. लहान होता होता वजन जवळजवळ नाहीसं होतं आणि ओढ मात्र टिकून राहते. १९८९ साली बर्कलीच्या संशोधकांनी हाच गुण वापरून जी सूक्ष्म यंत्रणा केली, तिचं रूपही कंगव्याचंच : दोन कंगवे, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमधून आतबाहेर सरकणारे. पण इतकं लहान असण्याला दुसरी बाजूही आहे. कोरून झाल्यावर चिप धुताना पाणी वाळू लागलं की शेवटच्या थेंबाचा पृष्ठताण सूक्ष्म पात्यांना खाली ओढतो आणि ती कायमची चिकटतात. चिपला ओढून जागेवर नेणारा तोच थेंब इथे वैरी होतो.

२००० सालच्या सुमारास ल्युसेंट कंपनीने असे २५६ सूक्ष्म आरसे एका यंत्रात बसवले. प्रत्येक आरसा दोन दिशांना कलणारा, तंतूतून आलेला किरण हव्या त्या दुसऱ्या तंतूत टाकणारा, आणि या सगळ्यात प्रकाशाची वीज करायची गरजच नाही. तेव्हा ती कल्पना काळाच्या पुढची वाटली. आज गूगलच्या संगणक-केंद्रांमध्ये १३६ तोंडांचे असे आरसेवाले स्विच काम करतात. आरसे नेमके कलले आहेत की नाहीत हे बघायला त्यात वेगळ्याच तरंगलांबीचा प्रकाश आणि कॅमेरे असतात. म्हणजे इथेही दुसरा खांदा!

आणि सध्याची सगळ्यात अवघड गाठ अशी : प्रकाश थेट सिलिकॉनच्या चिपमध्ये न्यायचा आहे. चिपमधली प्रकाशाची वाट सुमारे ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच असते. तंतूतला ठिपका तिच्यापेक्षा क्षेत्रफळाने कित्येकशे पट मोठा. हंड्यातलं पाणी सुईच्या नेढ्यातून ओतण्यासारखंच ते. साधी बुद्धी म्हणेल, चिपच्या कडेला ती वाट रुंद करा, नरसाळ्यासारखी. प्रत्यक्षात उलट करतात : वाट अरुंद करत नेतात, टोकाशी शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंत. वाट इतकी चिंचोळी झाली की तिला प्रकाश कोंडून धरता येत नाही. तो तिच्या बाहेर सांडतो, भोवतीच्या काचेत पसरतो, फुगतो, आणि फुगता फुगता तंतूच्या ठिपक्याच्या जवळपास येतो. तंतूकडून येणारा प्रकाशही याच वाटेने आक्रसत आत जातो. पिचकारीचं तोंड जितकं बारीक तितकी धार बारीक, हा आपला अनुभव. प्रकाश त्याच्या नेमका विरुद्ध वागतो, आणि अभियंत्याने त्याच्या त्या खोडीलाच दरवाजा केलं.

त्या दुपारी काम आटोपल्यावर मुलाने घरातल्या मोडेमच्या मागची वायर काढून बघितली. तिच्या टोकाला हिरवा कनेक्टर होता. हिरवा रंग म्हणजे आतली काच आठ अंशांनी तिरकी घासलेली, त्यामुळे सांध्यावरून परतणारा प्रकाश गाभ्यात मागे न फिरता बाजूला निसटतो. त्याने तो कनेक्टर कोरड्या कापडाने पुसला, डोळ्यांसमोर धरून बघितला, पुन्हा पुसला.

“एवढं बारीक कसं जुळवता हो?” मी विचारलं.

“आपण कुठे जुळवतो, काका? मशीन जुळवतं. आपण फक्त पुसायचं. पुसलं नाही तर मशीनचंही चालत नाही.”

गाभा ८–९ मायक्रॉनचा. धुळीचा साधा कणही तेवढा असतो, आणि तो मध्ये बसला तर स्फटिक, प्रकाश, थेंब कुणाचंच काही चालत नाही. त्याने झाकण उघडून एका छोट्या कुंचल्याने यंत्रातल्या व्ही-चरी झाडून घेतल्या, डबा सॅकमध्ये ठेवला, आणि चिकटपट्टीवरचे काचेचे तुकडे मोजून एका बाटलीत टाकले. तीन होते. तिन्ही आहेत ना, हे त्याने उन्हाकडे धरून दोनदा पाहिलं.